बॅटची माफी

वैशालीने बॉल मारला. मस्त मारला. मग ती खाली वाकली, बॅट जमिनीवर आडवी ठेवली, तिला हात लावून तो कपाळाला नेला आणि मग पळायला लागली. तोवर आऊट.

समोर जवाहरनगरच्या मुली होत्या. त्या हसून हसून मैदानातच खाली बसल्या. त्या सीझनमधली ही आमची चौथी मॅच. चारही हरलो.

मी सानगडीच्या एका ज्युनिअर कॉलेजात क्रीडाशिक्षिका आहे. मुलींच्या बेसबॉल टीमची कोचही मीच. बेसबॉल म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे क्रिकेटच ना? नाही. क्रिकेटमध्ये बॉल मारून जागेवर उभं राहता येतं. इथे चांगला बॉल बसला की पळावंच लागतं. बॅट तिथेच टाकायची आणि पहिल्या बेसकडे सुटायचं. बेस म्हणजे जमिनीवर ठेवलेली छोटी चौकोनी गादी. तुमच्या आधी बॉल तिथल्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये पोचला तर तुम्ही आऊट. असे तीन बेस करून परत निघाल्या जागी, म्हणजे होम प्लेटला आलात की एक रन. सगळा खेळ सुरुवातीच्या दोन-तीन पावलांचा. आमची वैशाली ती पावलं नमस्कारात घालवत होती.

नेमके त्याच दिवशी आमचे प्राचार्य मॅच बघायला आले होते. वर्षभर येत नाहीत.

“मॅडम, ही पोरगी काय करून राहिली?”

“नमस्कार, सर.”

“कोणाले?”

“बॅटला.”

त्यांनी शेजारच्या पोराकडून स्कोअर विचारून घेतला. मग म्हणाले, “जिल्हा स्पर्धेत एक तरी मॅच जिंका. नाही तर टीम बंद. हे सामान देऊन टाकू आणि कबड्डी वाढवू. गावाले कबड्डी समजते.”

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पण वैशालीला कबड्डीच्या टीमने आधीच परत पाठवलं होतं. काडीसारखी पोरगी. चढाईला गेली की समोरच्या मुली तिला उचलून बाजूला ठेवायच्या. बेसबॉल बंद म्हणजे तिचं मैदान बंद. ती तसं कधी बोलली नाही, फक्त प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

हे नमस्काराचं प्रकरण दसऱ्याला सुरू झालं. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा होते. मुलींनी खेळाचं सामानही पाटावर मांडलं, बॅटला हळदकुंकू लावलं. बाकीच्या मुली दुसऱ्या दिवसापासून बॅट बिनधास्त टाकायला लागल्या. वैशाली नाही.

“पूजा केली न् फेकून देऊ? काहून?”

“नियम आहे म्हणून.”

“मंग पूजाच नव्हती करायची, मॅडम.”

मी चिडले. मैदानाला चकरा मारायला लावल्या. तिने निमूट मारल्या, परत बॅटिंगला आली आणि परत नमस्कार. मी ओरडले की नमस्कार थोडा लहान व्हायचा, पण जायचा नाही. तिला काढावं तर बाकीच्यांच्या बॅटला बॉल लागायची मारामार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

मग धानाची कापणी लागली आणि निम्मी टीम शेतात गेली. स्पर्धा तोंडावर आलेली. मी वैशालीला बोलवायला तिच्या शेतावर गेले. ती आईबरोबर इळ्याने धान कापत होती. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभी राहून आईला प्रॅक्टिसचं महत्त्व सांगत होते आणि आई “हो मॅडम, हो” म्हणत कापतच होती. तेवढ्यात वैशालीच्या पायाजवळून धामण निघाली. इळा एकीकडे, वैशाली एकीकडे. ती थेट माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिला इतकं जोरात पळताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

धामण निघून गेली. मी विचारलं, “दसऱ्याला इळ्याची पूजा करता ना?”

“करतो ना.”

“मग आत्ता फेकलास तो?”

“मॅडम, साप होता. जीव वाचवू का पाया पडू?” ती परत धानात गेली, इळा शोधला आणि कपाळाला लावला. “हे पाहा. मंग पडता येते ना पाया.”

“बस. मॅचमध्ये हेच कर.”

“पण बॉल का साप हाये?”

“बॉल नाही. फर्स्ट बेसवर ग्लोव्ह घेऊन उभी असते ना, ती साप.”

वैशालीने विचार केला. तिच्या आईनेही केला. “बराबर हाये मॅडमचं,” आई म्हणाली आणि तिला दुपारची सुट्टी दिली.

जिल्हा स्पर्धा भंडाऱ्याला होती. हरलं की घरी, असा हिशोब. पहिल्याच मॅचमध्ये शेवटच्या डावापर्यंत रन बरोबरीत. समोरच्यांची बॅटिंग संपलेली, आता आमची; एक रन झाला की मॅच आमची. तीन आऊट झाले की डाव संपतो, आमचे दोन झालेले. तिसऱ्या बेसवर आमची रीना उभी, आणि बॅटिंगला वैशाली. मला तिच्याकडे बघवेना.

तिने मारलेला बॉल फार लांब गेला नाही. पण बॅट पडली. चक्क पडली. वैशाली सुटली, तिचा पाय बेसला लागला आणि मग बॉल तिथे पोचला. तोवर रीना होम प्लेटला आली होती.

आम्ही ओरडायला तोंड उघडलं आणि पाहिलं तर वैशाली वळून बॅटकडे निघाली होती. सरळ मैदानातून. बॅटजवळ बसली आणि पाया पडली. फर्स्ट बेसवाली बॉल घेऊन मागून धावत आली आणि तिच्या पाठीला ग्लोव्ह लावून “आऊट, आऊट” ओरडू लागली. त्यांचे कोचही अंपायरकडे धावले. त्यांच्या मागे मीही धावले.

अंपायर शांत होते. “मुलगी बेसला पोचली, रन झाला, मॅच तिथंच संपली. आता ती बॅटले नमस्कार करो, नाही तर बॅट घेऊन बाजारात जावो.”

मला रडू आलं. गॉगल होता म्हणून निभावलं.

पुढची मॅच आम्ही इतकी वाईट हरलो की तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पण प्राचार्यांनी शब्द पाळला. टीम चालू राहिली.

“जिंकल्या ते ठीक,” ते म्हणाले, “पण ते नमस्काराचं जरा पाहा, मॅडम.”

मी पाहिलं. नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. बॅटची माफी मागू नये असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आधी पळावं, एवढंच.