चार ते पाचचे आकडे

आमची ताई आकड्यांच्या बाबतीत भारी खडूस. जगभरातले लोक मिळून एक फुकट सॉफ्टवेअर लिहितात. कुणी त्यात बदल केला की ते आधीपेक्षा मंद झालं का, हे मोजायचं काम तिच्याकडे. पगार नाही, काही नाही, नुसती हौस. मागच्या खोलीतला एक कॉम्प्युटर दिवसभर त्याच त्या चाचण्या चालवायचा आणि पडद्यावर वेगाची रेघ काढायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही. धूळसुद्धा तीच पुसायची.

थंडी सुरू झाली आणि रेघ घसरू लागली. रोज दुपारी, चार ते पाच. त्याच आठवड्यात एका नवख्या स्वयंसेवकाचा बदल आला होता. ताईने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘तुमच्यामुळे मंद झालं,’ आणि तो काढून टाकला. तरी रेघ घसरतेच! शेवटी तिने ऑफिसात रजा टाकली आणि चारला खोलीत जाऊन बघितलं.

आमचे बाबा खुर्ची ओढून बसले होते, तळपाय कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीला टेकवून. तिथून गरम वारा येतो ना! तो अडला की मशीन तापायचं, आणि तापलं की मंदावायचं.

“बाबा, तुम्ही पण ना! महिनाभर जीव खाल्लात माझा!”

“अगं, पाय गार पडतात,” एवढंच म्हणाले ते.

तिने खोलीला कुलूप लावलं. रेघ सरळ झाली. मला राग आला होता, पण मी तरी कुठे तोंड उघडलं? एक हीटर आणायला काय धाड भरली होती आम्हाला? थंडी सरायच्या आत बाबा गेले.

कुलूप तिने त्याच दिवशी काढलं. पण सुट्टीच्या दिवशी चार वाजले की तिला खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. “ऐकलंस?” मी म्हणायचे, “काही नाही गं,” आणि अंगावर काटा माझ्याच यायचा. ती धावत जाऊन पडदा बघायची. रेघ सरळ. ती घसरावी म्हणून वाट बघत बसायची, वेडी!

त्या स्वयंसेवकाचा बदल मात्र लटकलेलाच. परत घ्यायचा तर कारण लिहायला हवं, आणि तेच तिच्याच्याने होईना. एकदा मी भडकलेच. “आपलं पाप त्या बिचाऱ्याच्या माथी किती दिवस ठेवणार आहेस?”

तेव्हा तिने लिहिलं: ‘चूक तुमची नव्हती. माझे वडील मशीनच्या गरम वाऱ्यावर पाय शेकत होते. मी त्यांना उठवलं.’

तासाभरात उत्तर आलं: ‘अहो, मग शेकू द्या ना त्यांना! चार ते पाचचे आकडे आपण धरायचेच नाहीत.’

ताईने ते दोनदा वाचलं. एवढं सोपं होतं. मग ती जी रडली, मला आवरेना.

आता चार ते पाच मशीन चालतं, गरम वारा सोडतं, आकडे कुणी धरत नाही. खुर्ची जाळीपुढे ठेवलेली असते. बाबा गेलेत, हे तिने त्याला अजून कळवलेलं नाही.