राखीव जागेवरून नेदरलँड्स

१२ मार्च. अंगणात ज्वारी पाखडत होते आणि सूप खाली ठेवलं की पाठकोऱ्या कागदावर नेदरलँड्स लिहीत होते. आमच्या दूध संस्थेचं संचालक मंडळ त्या देशात अभ्यास दौऱ्याला निघालं होतं, आणि अभ्यास कशाचा करायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून चेअरमननी निरोप धाडला, वहिनींना म्हणावं, देशाची थोडी ओळख लिहून द्या आणि संध्याकाळी वाचून दाखवा. भूगोलात बी.ए. केल्याचा लग्नानंतरचा हा पहिला उपयोग.

संचालक मीही आहे, महिला राखीव जागेवरून. म्हणजे नाव माझं आणि खुर्चीत नवरा. मीटिंगला तो जातो, चहा-बिस्किटं तो खातो, ठराव सहीपुरता घरी येतो. दौऱ्याला तोच जाणार हे इतकं उघड होतं की कुणी ते बोललंही नव्हतं. त्यानं तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून कानटोपीसुद्धा आणली होती. जायचं मला होतं. पण मागून मिळणाऱ्या गोष्टींत ही नाही, हे मी जाणून होते.

संध्याकाळी संस्थेच्या ऑफिसात वाचायला उभी राहिले. पुण्याहून दौऱ्याचा एजंटही आला होता. सुरुवातीलाच सांगितलं की देशाचं नाव हॉलंड नाही. हॉलंड म्हणजे त्यातले दोन प्रांत, समुद्राकडचे, पैसेवाले. म्हणून सगळा देश त्यांच्याच नावानं ओळखला जातो. तालुक्यात असं कुठलं गाव आहे यावर लगेच दोघांची जुंपली.

उत्तरेला फ्रीसलँड. आपल्या गोठ्यातल्या काळ्या-पांढऱ्या गायींचं माहेर. तिथल्या लोकांची भाषाही वेगळी आहे. झीलँड सगळं बेटांचं, समुद्र अडवायला धरणं बांधलेली. फ्लेवोलँड तर समुद्र उपसूनच काढलेला. तिथे वाडवडिलांची जमीन म्हणून मिशीला पीळ देता येत नाही. दक्षिणेला लिम्बर्ग, त्यांचा डोंगराळ भाग. त्या डोंगराला आपल्याकडे टेकाड म्हणतात.

शेताशेतांत बांध नसतात, पाण्याचे चर असतात, असं वाचलं तेव्हा शेजाऱ्याचा बांध दरवर्षी थोडा थोडा कोरणारे एक आप्पा अस्वस्थ झाले. ‘मंग हद्द सरकवायची कशी?’ त्यांनी विचारलं. ‘पोहत,’ मी म्हणाले.

मग अभ्यासू प्रश्न सुरू झाले. दुपारी ते लोक गार पाव आणि चीज खातात म्हटल्यावर भाकरी किती दिवस टिकते यावर चर्चा झाली. न कळवता कुणाच्या घरी जायचं नाही, हे कुणालाच पटलं नाही. पाण्याच्या कारभाराला तिथे वेगळी मंडळं आहेत आणि त्यांच्या निवडणुका होतात म्हटल्यावर मात्र सगळे सरसावून बसले. पॅनल कसं बांधतात, एवढंच त्यांना हवं होतं.

माझं संपलं तसा एजंट उभा राहिला. म्हणाला, उद्या सकाळी सगळ्यांनी पुण्याला व्हिसा केंद्रात यायचं, बोटांचे ठसे द्यायला. मॅडम, तुम्हीसुद्धा.

नवरा हसला. ‘ती कशाला? मी जाणार हाय.’

एजंट गोंधळला. त्यानं संचालकांचे पासपोर्ट मागितले होते, संस्थेनं संचालकांचे दिले होते. माझा निघालेला होता, मुलीच्या बाळंतपणाला दुबईला जायचं म्हणून काढलेला. मग मुलगीच इकडे आली. अर्ज माझ्या नावचा, तिकीट माझ्या नावचं. एवढी वर्षं माझ्या नावावर सगळं नवऱ्यानंच केलं, तेव्हा विमानही तसंच चालेल असं अख्ख्या मंडळानं धरलं होतं.

‘ॲडजस्ट करा की,’ चेअरमन म्हणाले. ‘एका घरातलंच हाय.’

‘आबा, ज्याचं नाव त्याचीच बोटं लागतात,’ एजंट म्हणाला. ‘नवीन अर्ज करायला आता तारखा नाहीत. ताई नसतील तर जागा रिकामी जाईल.’

मग जागा रिकामी गेली तरी चालेल असं हळूहळू सगळ्यांनाच वाटू लागलं. कुणी माझ्या गुडघ्यांची काळजी केली, कुणी गोठ्याची. शेवटी चेअरमननी खरं ते काढलं. ‘वहिनी, एवढ्या गड्यांत एकटं बाईमाणूस. बरं दिसतंय का?’

‘निवडणुकीत राखीव जागेचा अर्ज भरायला तुम्ही सगळे माझ्या दारात आला होता,’ मी म्हणाले. ‘तवा बाईच हवी होती. मी जाणार.’

नवऱ्यानं घरी येताना एवढंच विचारलं, ‘मंग धारा कोनी काढायच्या?’ मी म्हटलं, ज्यानं मीटिंगा सांभाळल्या त्यानं.

१३ मार्च. सकाळी पहिल्या एस.टी.नं पुण्याला गेले. बाकीचे संचालक जीपनं आले; जीपमध्ये जागा नव्हती म्हणाले. काचेवर बोटं टेकली तर ठसे उठेनात, कामानं रेघा झिजलेल्या. खिडकीतली मुलगी म्हणाली, हात पुसा आणि जोर देऊन ठेवा. पदराला पुसले आणि जोर दिला.