चार साक्षीदार, एक कॅब

"चार साक्षीदार आहेत, अजून काय हवं?" बंगळूरला व्हाइटफील्डच्या ऑफिसात एचआर हेड मला विचारत होते. "आजच टर्मिनेशन काढतो."

नोकरी जाणार होती गेटवरच्या कल्लाप्पांची. निपाणीकडचे, सिक्युरिटी गार्ड. रोहन नावाच्या इंजिनिअरला त्यांनी ढकललं आणि त्याचं मनगट मोडलं, अशी तक्रार. रोहनला स्वतःला एवढंच आठवत होतं, की छातीवर हात आले आणि तो पडला. मी कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी शिकलेली. अशा चौकशांत साक्षी घेणं हे माझं काम.

चौघांना वेगवेगळं बसवून विचारलं. चौघंही म्हणाले, "दोन्ही हातांनी, छातीवर." शब्दसुद्धा तेच. असं एकमत दिसलं की माझं डोकंच फिरतं. एका लग्नाहून आलेली चार माणसं जेवणात काय होतं यावर भांडतात हो.

"त्या संध्याकाळी घरी कशा गेलात?" मी त्यांतल्या एकीला विचारलं.

"ऑफिस कॅबनं. आम्ही चौघं देवनहळ्ळीचे. दोन तास ट्रॅफिकमध्ये."

"काय बोललात?"

"हेच ना. दुसरं काय बोलणार?"

झालं कल्याण. आठवण आपण दर वेळी नव्यानं जुळवतो. मधे जागा रिकामी असेल तिथे दुसऱ्याचं ऐकलेलं बसवतो, आणि मग आपलं कुठलं नि त्याचं कुठलं ते कळत नाही. याला मेमरी कन्फॉर्मिटी म्हणतात. चौघंही प्रामाणिक होते. साक्ष एकच होती, तोंडं चार.

एचआर हेड म्हणाले, "थिअरी राहू दे मॅडम, प्रूफ द्या."

समोरच्या बिल्डिंगच्या कॅमेऱ्याचं फुटेज मिळायला आठवडा गेला. त्यात रोहन रॅम्पवर अडखळला आणि कल्लाप्पांनी त्याला धरायला दोन्ही हात पुढे केले. हात खरे होते. ढकलणं कॅबमध्ये आलं.

नोकरी वाचली. मी खुशीत गेटवर गेले.

"अण्णा, तुम्ही ढकललं नाही. फुटेज आलंय."

ते म्हणाले, "नक्की बघितलासा काय अक्का? आठवडाभर सगळी तेच म्हणालेत. आता डोळे मिटले की मी ढकलतानाच दिसालंय मला."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांना फुटेज दाखवलं, पुन्हा दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

हल्ली मी कंपन्यांना सांगते, आधी साक्षी घ्या, मग कॅब सोडा. ते साक्षीदारांपुरतं झालं. ज्याच्यावर आळ आलाय त्याला तोवर कुठे ठेवायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.