विसणापुरता गीझर

आमचा गीझर बंद पडला तेव्हा घरात माणसं तीन होती आणि मतं चार. नवरा म्हणाला, नवा आणू. सासूबाई म्हणाल्या, हाच दुरुस्त करा. उरलेली दोन्ही मतं माझी. सकाळी शाळेत शिकवायला जायच्या घाईत मला नवा हवा असायचा आणि संध्याकाळी निवांत झाले की वाटायचं, इतकी वर्षं बिचाऱ्यानं निमूट काम केलं, एक संधी द्यावी.

गीझर हे घर बांधलं तेव्हाचा, मोठ्या टाकीचा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मधले दिवस बोअरवर काढायचे, आणि बोअरचं पाणी असं की चहाच्या भांड्यालासुद्धा पांढरा थर धरतो. दुरुस्तीवाल्यानं खालचं झाकण काढून कॉईल बाहेर ओढली, तर ती चुन्यात बुडवून वाळवल्यासारखी दिसत होती. त्यानं टाकीत बॅटरी मारून पाहिलं आणि तोंडानं च्यक केलं.

"कॉईल बदलतो, थर्मोस्टॅट बदलतो. पण टाकी पातळ झालीय की ओ ताई. आज ना उद्या गळणार."

"म्हणजे नवाच घ्यावा?"

"तसं मी कुठं म्हणालो?"

या माणसाला निवडणुकीला उभं करायला हवं होतं. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "टाकी पातळ झाली म्हनून काय झालं? मी बी झालेच की. तू दुरुस्त कर."

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तीच पद्धत. त्या मूळच्या जेऊरकडच्या. शहरात उभा जन्म गेला तरी बोली आणि हट्ट दोन्ही तिकडचेच राहिले. साखरेचं दुखणं जुनं, गुडघे कुरकुरणारे, पण स्वतःचं सगळं स्वतः करायच्या. अंघोळीच्या बाबतीत तर विचारायचीच सोय नव्हती. समोरच्या घरातल्या आजींना अंघोळ घालायला बाई यायची. एकदा त्यांना भेटून आल्यावर आत्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं होतं, "माझ्यावर ती पाळी आनू नका. दुसऱ्यानं अंगुळ घालायची ती एकदाच, शेवटची. तवर माझी मी करनार."

नवऱ्यानं मोबाईलवर एक छोटा गीझर दाखवला. बटण दाबलं की लगेच गरम पाणी, टाकी बोटभर, वीजही कमी. आत्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "आन् विसण कशाचं घालू?"

विसण म्हणजे कढत पाणी सोसवावं म्हणून त्यात घालायचं गार पाणी. आता ते गार पाणी सोलापूरच्या उन्हाळ्यात आणायचं कुठून? एप्रिल लागला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. मग आम्ही गीझरचं बटण बंद ठेवतो. न्हाणीघरातल्या सावलीत गीझरच्या पोटातलं पाणी निवत राहतं. ऊन पाणी गार नळाचं घ्यायचं आणि विसण गरम नळाचं. पाहुण्यांना हे समजावता समजावता आमची तोंडं दुखतात. थंडीत पाणी तापवणारा आमचा गीझर उन्हाळ्यात पाणी निववतो. छोट्या टाकीत ते कुठून जमणार?

"आई, विसणासाठी कुणी गीझर दुरुस्त करतं का?" नवरा म्हणाला.

"करतंय की. मी करतीय."

मी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं, तिथंही सगळ्या हसल्या.

असा निर्णय लोंबकळत पडला आणि पाणी गॅसवर तापायला लागलं. मी पातेलं उचलून बादलीत ओतायची आणि विसण घालायला लागले की आत्या मला हाकलायच्या. "जा तू. माझं मला घालता येतंय." दार लागायचं, कडी लागायची, तांब्याचा आवाज सुरू व्हायचा.

त्याच आठवड्यात त्यांनी मोजे घालायला सुरुवात केली. मार्च महिना, पंखा पाचवर, आणि आत्यांच्या पायात लोकरीचे मोजे! विचारलं तर म्हणाल्या, भेगा पडल्यात, तेल लावलंय. मला ते पटलं. भेगांना तेल लावून मोजे घालतात, त्यात विचारण्यासारखं काय होतं?

एका दुपारी त्या झोपल्या असताना एका मोज्यावर ओला डाग दिसला. तेल असेल म्हणून मी मोजा काढायला गेले, तर तो पायाला चिकटलेला. ओढला तशी कातडी निघाली. पावलावर मोठा फोड येऊन फुटला होता. मी किंचाळले. आत्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काय झालं गं?"

त्यांच्या पायाची कातडी माझ्या हातातल्या मोज्याला लागली होती आणि त्या मलाच विचारत होत्या, काय झालं.

"आत्या, दुखत नाही?"

"दुकलं असतं तर भाजलं असतं व्हय?"

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. पायांना ऊन-गार कळेनासं होऊन बरेच महिने झाले होते. हाताच्या बोटांचंही तसंच चाललं होतं. अंघोळीला बसलं की पहिला तांब्या पायावर घ्यायचा, ही त्यांना आईची शिकवण. पायाला सोसलं तर अंगाला सोसतं. त्यांचे पाय आता काहीही सोसत होते. म्हणून त्यांनी डोळ्यांनी माप बसवलं होतं. गीझरचं पाणी बादलीत निम्म्याच्या वर दोन बोटं, मग विसण बादलीच्या कडीच्या खुणेपर्यंत. जुन्या गीझरचा तो हिशेब कधी चुकला नव्हता. गॅसवरचं पाणी एक दिवस कमी तापायचं, एक दिवस जास्त, आणि माप कोलमडलं. नवा गीझर आला असता तरी तेच झालं असतं. उन्हाळ्याच्या विसणाची सबब खरीच होती, पण ती पुढं करून त्या भलतंच काही झाकत होत्या.

मला भयंकर राग आला. इतकी हट्टी बाई मी पाहिली नाही, असं तोंडावर म्हणाले आणि म्हणता म्हणता रडायला लागले. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशी आमची गत झाली होती. आम्ही आपले टाकी पातळ की जाड, यावर वाद घालत बसलो होतो.

"ह्याला सांगू नको," त्या म्हणाल्या. हा म्हणजे माझा नवरा. "लगीच बाई लावंल."

"आधी डॉक्टर," मी म्हणाले. "चला, साडी बदला."

डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली, पायाला टाचणी टोचून पाहिली आणि मला बाजूला न घेता, आत्यांसमोरच सांगितलं की पाणी यापुढं दुसऱ्या कुणीतरी बघितल्याशिवाय अंगावर घ्यायचं नाही. आत्या छताकडे बघत राहिल्या.

पट्टी काही लपणार नव्हती. नवऱ्याला सांगावंच लागलं. तो बराच वेळ आईचं पाऊल मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, "उद्यापासून बाई लावू. समोरच्यांकडे येते तीच येईल."

त्याची काळजी मला कळत होती. पण मी आत्यांकडे पाहत होते. कुणाचं एक वाक्य उत्तराशिवाय जाऊ न देणारी ही बाई. आता काहीतरी फटकारतील म्हणून मी वाट पाहिली. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. ते मला फोडापेक्षा वाईट वाटलं.

"बाई नको," मी म्हणाले. "पाणी मी बघीन. अंघोळ त्यांची त्या करतील."

"आणि तू शाळेत गेल्यावर?"

"माझ्या आधी करतील. का हो आत्या?"

त्यांनी मान हलवली.

गीझरचं मग चटकन ठरलं. थर्मोस्टॅट बदलला तरी जुन्यावर माझा भरवसा राहिला नसता. दुरुस्तीवाल्यानं पाणी किती तापवायचं ते ठरवायचा काटा असलेला गीझर सुचवला. काटा खाली ठेवला की पाणी पोळण्याइतकं तापतच नाही. आत्यांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. "म्हंजे विसण लागत न्हाय?" "नाही लागत, मावशी." त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग आना नवा. पर टाकी मोठीच पायजे. उनाळा काय तुमचा गीझर बघून थांबतोय व्हय?"

माझ्या दोन अटी होत्या. मी हात घालून पाहिल्याशिवाय तांब्या बुडवायचा नाही, आणि दार नुसतं लोटायचं, कडी लावायची नाही. पडल्याबिडल्या तर आत जाता यायला हवं. दोन्ही अटी त्यांनी मान्य केल्या, जराही घासाघीस न करता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

जखम भरल्यावर पहिल्या दिवशी मी बादली भरली. मनगटापर्यंत हात घातला, ढवळलं, पुन्हा घातला. चांगलं कोमट होतं. "बघा, झालं," म्हणून मी बाहेर आले. आत्या आत गेल्या, दार लोटलं, आणि आतून कडी सरकली.

माझा हात दार वाजवायला वर गेला होता. ओठांवर रागही आला होता. तेवढ्यात पहिला तांब्या पडल्याचा आवाज आला, पायावरच, सवयीनं. मी तशीच उभी राहिले.

"अगं, दाराखालनं पाय दिसत्यात तुजे," आतून आवाज आला. "जा की शाळंला. पाणी तू बघितलंयस न्हवं?"