बसून बत्तीस, उभे अकरा

मी आज जो काही आहे तो आमच्या कंडक्टरमामांमुळे, आणि त्यांच्याइतका अर्ज भरायला नालायक माणूस उभ्या वर्धा जिल्ह्यात सापडणार नाही. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी मामांची ड्युटी संपलेली नाही. समुद्रपूरजवळच्या आमच्या गावात, विहारामागच्या खोलीत ते अभ्यासिका चालवतात. एसटीसारखीच घंटीची दोरी दोनदा ओढली की अभ्यास सुरू, एकदा ओढली की बंद. दाराशी घोळका झाला की "पुढं सरका, मधात जागा हाय." पुस्तकावर डोकं टेकून झोपलेल्याला तिकिटाच्या चिमट्यानं टोचून म्हणणार, "ऊठ, तुहं गाव आलं." खिडकीजवळचं बाक मुलींसाठी राखीव, तिथे एकदा सरपंच टेकले तर त्यांनाही उठवलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. निकाल सांगायला गेलो तेव्हा मामा चष्मा पुसत म्हणाले, "बरं झालं. आता जागा खाली कर, दुसरा बसन."

जागेचाच प्रश्न होता. बत्तीस मुलं बाकांवर, अकरा भिंतीला टेकून उभ्यानं वाचत. दुसरी खोली बांधायला हवी होती. जिल्ह्यातल्याच लोकांच्या देणग्यांवर चालणारी एक समाजनिधी संस्था गावोगावच्या छोट्या मंडळांना अनुदान देते, म्हणून मी तिचा अर्ज आणला. नोंदणी, हिशेबतपासणी, बांधकामाचा आराखडा, सगळे कागद जमवले. 'लाभार्थी संख्या' या रकान्यात मामांनी लिहिलं, 'बसून ३२, उभे ११.' 'समस्येचे स्वरूप' इथे दोनच शब्द: 'खोली लहान.' मी त्यापुढे 'निराधार, वंचित मुले' असं घातलं, तर त्यांनी ते खोडलं.

"निराधार काऊन लिहून राह्यला बे? मायबाप वावरात हायेत त्याईचे."

"मामा, असंच लिहा लागते. नाई तं भेटत नाई."

"पैसे जिल्ह्याचे, पोरं जिल्ह्याचे. मंग रडाचं कोनापुढं?"

संस्थेचे साहेब पाहणीला आले. बाकं बाहेर काढून मुलांना जमिनीवर बसवा, फोटोत गरज दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला चीड आली. मामा मात्र म्हणाले, "फोटो काढाचा हाय, तं थांबा जरा." त्यांनी सगळ्यांना घरी पिटाळलं. अर्ध्या तासात पोरं इस्त्रीचे कपडे घालून, भांग पाडून हजर. साहेबांनी फोटो काढला. महिन्याभरात संस्थेनं नकार कळवला, 'गरज ठळकपणे दिसून येत नाही.'

म्हणजे पोरानं नीटनेटकं दिसायचं नाही, गावानं मान वर ठेवायची नाही, तरच त्याला मदत. मला अजून संताप येतो. त्याहून वाईट हे, की नकार आला त्या दिवशी तो मी त्या साहेबांवर काढला नाही. भर अभ्यासिकेत मामांना म्हणालो, "तुमच्या ताठ्यापायी हे अकरा जण उभे हायेत." मामा घंटीही न वाजवता घरी गेले. मग मी वर्ध्याला संस्थेच्या कचेरीत गेलो, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच हे पत्र पाठवलं.

'ती. मामांस साष्टांग नमस्कार.
काल संस्थेच्या कचेरीत जाऊन आलो. एक वयस्कर बाई भेटल्या. तुमचा अर्ज त्यांनी मन लावून वाचला. म्हणाल्या, पुढच्या फेरीत पुन्हा करा. कोणाचे शब्द उसने घेऊ नका, गाव स्वतः काय घालणार तेवढं लिहा. विटा वाहून नेणं, मिस्त्रीच्या हाताखाली राबणं हे सगळं गावाचा वाटा म्हणून धरतात. म्हणजे तुमचंच बरोबर होतं, असं नाही. मंजुरी कोणत्या टेबलावर कोण बसलंय यावरही असते, आणि याचाच मला राग आहे. पण पोरांसमोर तुम्हाला बोललो, ते चुकलं. नव्या अर्जात 'संस्थेचे बळ' असा एक रकाना आहे, तुमच्याशिवाय तो मला भरता आला नाही. रविवारच्या गाडीनं येतो. आधी त्या दिवशीचं बोलू, अर्जाचं मग.
तुमचा भाचा'