मिठावरचा पाऊस

यंदाही मार्चमध्येच पाऊस आला. खारघरच्या आमच्या सोसायटीत सगळ्या बाल्कन्या माणसांनी भरल्या. शेजारीण ओरडली, "काकू, कसला मस्त वास सुटलाय ना!"

ह्याच वासाने मला मात्र बाबांचं मिठागर आठवतं.

नव्वदच्या सुमाराला मी शाळेत होते. बाबा बेलापूरच्या खाडीलगत मिठागरात काम करायचे. त्या वर्षी मीठ तयार होतं, ओढून काठावर रास घालायची तेवढी बाकी होती. पण खडा अजून जाड होऊ दे, म्हणून बाबांनी ते आणखी एक दिवस वाफ्यातच ठेवलं. मार्चात पाऊस पडेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मी भाकरी घेऊन गेले तेव्हा सर थांबली होती. बाकीची माणसं घरी गेली होती. काल चुन्यासारखे पांढरे असलेले वाफे आता नुसते पाण्याचे होते, आणि त्यात ढग दिसत होते. बाबा एकटेच बांधावर उकिडवे बसले होते. त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

"पानी गोर झाला गो बाय."

गोड्या पाण्यासाठी आमच्या गावात हंड्यांच्या रांगा लागायच्या. बाबांनी मात्र ते कोणी गेल्याची बातमी सांगावी तसं सांगितलं. भाकरी तशीच राहिली.

चूक आपलीच, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. आता असा पाऊस वरचेवर येतो. पण हे ऐकायला बाबा नाहीत.

"हो ना," मी शेजारणीला म्हटलं आणि आत येऊन मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट लावलं.