मिसेस गोंद्वेंचं रिकामं घर

चार मराठी माणसं परोपकार करायला एकत्र आली की परोपकार किती होतो ते देव जाणे, पण सांगण्यासारखं मात्र भरपूर निघतं! आमच्या बर्मिंगहॅमच्या मंडळाची मिनिट्स कधी कोणाला सापडत नाहीत. किस्से मात्र सगळ्यांना पाठ, आणि प्रत्येकाची व्हर्जन वेगळी. मी आपली माझी सांगते. मिलिंद भेटला तर म्हणेल, असं काही झालंच नव्हतं. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

आधी मंडळ कशाचं ते सांगते. डॉक्टर सुलभाताई आमच्या अध्यक्ष. जन्मभर इथे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होत्या, पण त्याआधी तरुणपणी आफ्रिकेत, उत्तर मलावीतल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात होत्या. रिटायर झाल्या आणि त्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर हॉलमध्ये माइक घेऊन म्हणाल्या, "प्रसाद नंतर. आधी मला त्या दवाखान्यासाठी माणसं हवीत."

प्रसाद अडवल्यावर माणसं मिळणारच! मी मिळाले, बँकेतली नोकरी सांभाळून. मिलिंद मिळाला, पुण्याचा इंजिनिअर. आणि सुलभाताईंचे यजमान वसंतराव मिळाले. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

त्या दवाखान्याचा सगळा भार मिसेस गोंद्वेंवर. नर्स त्याच, सुईणही त्याच. (नाव ऐकून वसंतरावांनी विचारलं होतं, "साताऱ्याकडच्या का?") पावसाळ्यात तिथली नदी फुगते आणि पलीकडच्या गावांतून बाळंतपणाला निघालेली बाई अडकते. एका पावसाळ्यात एक पहिलटकरीण सायकलच्या कॅरिअरवर बसून नदीपर्यंत पोचली आणि तिथेच गेली. मिसेस गोंद्वे तिला लहानपणापासून ओळखत होत्या. व्हिडिओ कॉलवर हे सांगताना त्या रडल्या नाहीत. आम्हीच रडलो.

मग ठरलं, दवाखान्याला लागून एक घर बांधायचं. दिवस भरत आलेल्या बायकांनी आधीच येऊन तिथे राहायचं. कळा सुरू झाल्या की दवाखाना चार पावलांवर. घर बांधलं. सुरेख झालं. आणि कोणी येईचना!

वर जिल्ह्याच्या ऑफिसने कळवलं, पुढच्या पावसापर्यंत घर रिकामंच राहिलं तर आम्ही तिथे खताच्या गोण्या ठेवू. सुलभाताईंची झोप उडाली. "का येत नाहीत?" हा प्रश्न प्रत्येक मीटिंगला चहाच्या आधी यायचा आणि चहा संपला तरी जायचा नाही.

*

घराचं डिझाइन मिलिंदचं. मलावीत पाऊल न टाकता, सॉलिहलमधल्या घरी बसून केलेलं! प्रत्येकीला वेगळी खोली, आतून कडी, खिडकीला पडदा. "प्रायव्हसी महत्त्वाची," हे त्याचं पालुपद.

घर रिकामं राहिल्यावर त्याने व्हिडिओ कॉलवर गावातल्या बायकांची मीटिंग घेतली. मिसेस गोंद्वे मध्ये बसून भाषांतर करत होत्या. घर आवडलं का? "फार छान." खोल्या? "फार छान." पडदे? "पडदे तर फारच छान."

कॉल संपला आणि मिलिंद डोकं धरून बसला. "संपलं! सगळंच छान म्हणाल्या."

मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की."

"अगं, माझा इंग्लिश बॉस माझ्या प्रेझेंटेशनला 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणाला होता. पुढच्या आठवड्यात प्रोजेक्ट दुसऱ्याला! पुण्यात निदान तोंडावर सांगतात, भिकार आहे म्हणून."

बिचाऱ्याचं बरोबर होतं. नंतर मिसेस गोंद्वेंनी हळूच सांगितलं, एकटीने खोलीत झोपायची कोणाला सवय नाही, बायका घाबरतात. मधल्या भिंती पाडल्या. भिंती पडल्या त्या दिवशी मिलिंदने जेवण सोडलं होतं म्हणे. घर तरीही रिकामंच!

*

आमचं पहिलं पार्सल हा वेगळाच विषय. प्रत्येक घरातून वस्तू मागवल्या. वसंतरावांनी स्वतःचे जुने लोकरी स्वेटर आणून ठेवले. आम्ही पोट धरून हसलो. आफ्रिकेत स्वेटर! वसंतराव शांतपणे म्हणाले, "असू देत. जड नाहीत."

मिलिंदची बायको अश्विनी. तिने ब्लाउजपीस दिले. आता आपल्याकडे ब्लाउजपीस ही काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको. हळदीकुंकवात मिळतो, कपाटात पडतो, पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या घरी जातो. शिवलेला ब्लाउजपीस मी तरी पाहिलेला नाही. अश्विनीचा तो जांभळा, सोनेरी ठिपक्यांचा, अख्ख्या वेस्ट मिडलंड्समध्ये फिरून आलेला होता.

मिसेस गोंद्वेंचा निरोप आला. आमचा भाग डोंगराळ, जूनमध्ये कडाक्याची थंडी, स्वेटरबद्दल फार फार आभार, अजून पाठवा. वसंतराव महिनाभर मान ताठ करून फिरत होते.

पुढे मिसेस गोंद्वे स्वतः इथे आल्या. कशा आल्या ते सांगते, पण आधी हे ऐका. प्रत्येकीसाठी काहीतरी भेट आणली होती. अश्विनीने पुडी उघडली. आत जांभळा ब्लाउजपीस, सोनेरी ठिपक्यांचा!

अश्विनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. मिसेस गोंद्वे मात्र अगदी सहज म्हणाल्या, "सुलभाने कळवलं होतं ना, हे कापड शिवायचं नसतं, पुढे द्यायचं असतं. आमच्याकडे सगळ्या घरांत जाऊन आलंय!"

*

सुलभाताई एकदा तिकडे जाऊन आल्या. बायकांच्या बचत गटापुढे त्यांना आरोग्यावर बोलायचं होतं. रक्त वाढवणाऱ्या भाज्या वगैरे सांगून झाल्यावर म्हणाल्या, "काही शंका?"

एका बाईने हात वर केला. "तुम्ही इथे आहात, तर तिकडे तुमच्या नवऱ्याला जेवायला कोण घालतं?"

"तोच करतो स्वयंपाक."

सगळ्या बायका खो खो हसल्या. डॉक्टरीणबाई थापा मारतात! सुलभाताईंच्या नाकावर राग आला. तिथल्या तिथे फोन लावला. वसंतराव पोळ्याच लाटत होते. कॅमेऱ्यात लाटणं, तवा, फुगलेली पोळी, सगळं दाखवलं. बायका पुढे सरसावल्या.

दुसऱ्या दिवशी सभेला दुप्पट गर्दी. मागच्या बाजूला पुरुषही उभे. सुलभाताई खूश झाल्या, म्हणाल्या, काल लोहाचं महत्त्व पटलेलं दिसतंय.

मग एक म्हातारा खाकरून म्हणाला, "भाषण राहू दे. तो माणूस दाखवा."

*

रविवारच्या आमच्या मराठी शाळेतल्या मुलांचा तिकडच्या शाळेशी एक कॉल झाला. आमच्या मुलांचे प्रश्न ठरलेले. सिंह दिसतो का, शाळेत जेवायला काय असतं. सिंह त्यांच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. आमच्या अर्ध्या मुलांनी पाहिला होता, सफारी पार्कात!

मग तिकडच्या एका मुलीची पाळी. त्या शाळेत मुलींसाठी वेगळं टॉयलेट झाल्यापासून मोठ्या मुलीही टिकून होत्या, त्यातली ही. तिला इथला रस्ता बघायचा होता. मी लॅपटॉप खिडकीशी धरला. नेहमीचाच आमचा रस्ता, दोन्हीकडे घरं, गाड्या, कापलेल्या झुडपांची हेज.

ती बराच वेळ बघत राहिली. मग काळजीने विचारलं, "तुमच्या गावाला काय झालं? माणसं कुठे गेली?"

मी लॅपटॉप आत घेतला.

*

मिसेस गोंद्वे आल्या त्या एका हॉस्पिटलमधल्या दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी. राहायला सुलभाताईंकडे. मी त्यांना कालवे दाखवले, मोठी लायब्ररी दाखवली. त्यांनी बघितलं, मान डोलावली. खरं कुतूहल त्यांना माणसांचं.

बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला "थँक यू" म्हणतो, हे त्यांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "का? थांबवणार नाही असं म्हणाला होता का तो?"

पण घराचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाल्या, "पोरी यायला तयार आहेत गं. मी एकेकीशी बोललेय. सासवा पाठवत नाहीत."

"भांडायचं की सासवांशी!"

"भांडले. त्या म्हणतात, तुझ्या घरात सून आली तर आम्ही कशाला आहोत? जन्मभर गावातली बाळंतपणं त्यांनीच केलीत." त्यांनी कप खाली ठेवला. "पाऊस आला की मी रोज नदीकडे बघते. मला भीती वाटते."

मी नुसता त्यांचा हात धरला.

*

आता शेवटचा.

सुलभाताईंची मुलगी रेवा, इथेच जन्मलेली, तेव्हा सातव्या महिन्यात होती. मिसेस गोंद्वे निघायच्या आदल्या शनिवारी तिचं डोहाळजेवण, चर्चच्या हॉलमध्ये. मिलिंदने गार्डन सेंटरमधून झोपाळा आणून फुलांनी मढवला. केअरटेकर तीनदा येऊन विचारून गेला, हे कशासाठी? मिलिंद म्हणाला, "प्रेग्नंट बाईला बसवायला." केअरटेकर फर्स्ट एड बॉक्स घेऊनच परत आला!

रेवा हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत झोपाळ्यावर बसली. "आई, हा फुलं टोचतोय," म्हणत होती, पण चेहरा नुसता फुललेला. बायकांनी ओटी भरली, गाणी म्हटली, एकेक घास भरवला. झाकलेल्या वाट्यांतली एक उघडायला लावली. पेढा निघाला. मुलगा, असा एकच गलका झाला!

मिसेस गोंद्वेंचे प्रश्न संपेनात. हिरवीच साडी का? झोपाळा का? सगळ्या तिलाच का भरवतायत? मी सांगत होते, हे तिचं कौतुक, लाड, बाकी काही नाही.

मग त्यांनी हॉलच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक गोऱ्या बाई कपबशी मांडीवर धरून एकट्याच बसल्या होत्या. "त्या कोण?"

"जीन. रेवाची सासू."

"आणि त्यांचे लाड?"

मी म्हटलं, "छे, सासूचे कसले लाड!"

मिसेस गोंद्वे एवढ्या बोलक्या, पण त्यानंतर तासभर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. जीनच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघी चहा पीत झोपाळ्याकडे बघत होत्या. मिसेस गोंद्वे मलावीला परतल्यावर महिनाभर त्यांचा काही पत्ता नाही. तिकडे पावसाचे ढग जमायला लागल्याच्या बातम्या. सुलभाताई फोन लावून लावून थकल्या. मीटिंगला मिलिंद पुटपुटला, "गेलं आपलं घर खतात." सुलभाताई त्याच्यावर जवळजवळ ओरडल्याच.

आणि त्याच मीटिंगमध्ये व्हिडिओ आला. वसंतरावांनी टीव्हीला जोडला.

दवाखान्यासमोरचं आंब्याचं झाड. त्याला दोरांचा झोपाळा, रानफुलांनी मढवलेला. पाठमोरी कोणीतरी बसलेली, हिरवं कापड गुंडाळलेली, केसांत फुलं. भोवती बायका गाणी म्हणतायत. कॅमेरा सावकाश घराकडे वळला. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही! चटया, पातेली, बोचकी, आणि पोटुशा पोरी एकमेकींना टेकून बसलेल्या. सुलभाताईंनी तोंडावर हात धरला. त्या रडत होत्या आणि त्यांना त्याची लाजही वाटत नव्हती.

कॅमेरा परत झोपाळ्याकडे गेला, या वेळी समोरून. मिलिंद ताडकन उठला. "अरे, ही कसली प्रेग्नंट? सत्तरीची आहे ही!"

बोळक्या तोंडाची एक म्हातारी, आकाशाकडे पाय फेकत हसत होती. मागून तिची सून, आठवा-नववा महिना असावा, हळूहळू झोका देत होती. बाजूला बाकीच्या म्हाताऱ्यांची रांग, प्रत्येकीने आपापली सून हाताशी धरलेली. कॅमेऱ्यामागून मिसेस गोंद्वेंचा आवाज आला, "सुलभा, नियम एकच ठेवलाय. सून इथे राहायला आणली तरच झोका!"

तेवढ्यात रांगेतली पुढची म्हातारी झोपाळ्याजवळ येऊन खेकसली. झोपाळ्यावरचीने दोर आणखी घट्ट धरले आणि तिच्यावरच ओरडली. मिसेस गोंद्वेंना हसू आवरेना. कसंबसं त्यांनी आम्हाला भाषांतर करून सांगितलं.

"ही म्हणतेय, उतर आता, माझी पाळी. आणि ती म्हणतेय, नाही उतरत! माझ्या घरी अजून दोन सुना आहेत!"